सुट्या भागांचा संगणक



यंदा कार्यकारिणीने माझ्यावर दोन कामे सोपवली. पहिले, मंडळासाठी कमीत कमी खर्चात नवा संगणक जुळवून आणायचा. दुसरे, स्मरणिकेसाठी 'काहीतरी माहितीपर' लिहून द्यायचे. पहिले काम करता करता दुसऱ्याचा विषय आपोआप मिळाला. गणपती ही बुद्धीची देवता आणि त्याचे वाहन म्हणजे 'माऊस', हा विनोद आता फार जुना झाला. पण सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जुळवण्याची ही रीत आपल्या देशात कशी आली, त्यात मराठी माणसांचा वाटा काय, आणि वर्गणीच्या पैशातून भाग निवडताना त्या इतिहासाचा उपयोग काय, हे सांगण्यासारखे आहे. शिवाय या विषयात माझी एक जुनी चूक आहे. तिची कबुलीही याच पानांवर देऊन टाकतो.

सुरुवात जयपूरपासून

आपल्या चौमूंपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर जयपूरचा जंतरमंतर आहे. पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना तेथे घेऊन जातो, सम्राट यंत्रासमोर उभे करून फोटो काढतो आणि परत येतो. पण गणन करण्याच्या साधनांचा इतिहास सांगायचा तर या भागात त्याहून चांगली सुरुवात सापडणार नाही. सवाई जयसिंहाने आकाशाचे वेध घेण्यासाठी प्रथम पितळेची यंत्रे वापरून पाहिली. त्यांचे आस झिजत, मध्यबिंदू सरकत आणि आकाराने ती लहान असल्यामुळे बारीक मोजमाप मिळत नसे. म्हणून त्याने साहित्यच बदलले आणि दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. हे बांधकाम १७३४ च्या सुमारास पूर्ण झाले. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या जयसिंहाच्या दरबारातील प्रमुख गणिती पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय. युक्लिडच्या भूमितीचे अरबीवरून 'रेखागणित' या नावाने आणि टॉलेमीच्या ग्रंथाचे 'सम्राट् सिद्धान्त' या नावाने त्यांनी संस्कृतात रूपांतर केले. म्हणजे आकडेमोडीच्या कामासाठी जयपूरला आलेला मराठी माणूस ही काही आपल्या पिढीची नवलाई नव्हे!

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते जयसिंहाचे तारतम्य. यंत्र कशासाठी हवे, ते कोठे झिजते आणि त्यासाठी कोणते साहित्य टिकेल, हे प्रश्न त्याने आधी विचारले. दिखाऊ काय आणि टिकाऊ काय हे ओळखून निवड केली. संगणकाचे भाग निवडताना याहून वेगळे काही करायचे नसते.

मुंबईचे पहिले यंत्र

भारतात बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईत तयार झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बनवले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र चालू केले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टीफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. स्मरणशक्ती होती २,०४८ शब्दांची. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमधील एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही.

ज्यांनी हे यंत्र बांधले त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्यापूर्वी असा संगणक वापरलेला नव्हता. पुस्तके वाचून, मिळतील ते भाग जमवून, डाख देऊन त्यांनी तो उभा केला. तेव्हा भारतीय जुळणीची परंपरा मोजायची तर ती येथून मोजावी असे मला वाटते.

आयबीएम गेली, आयबीएमचा पीसी आला

१९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना आपला भांडवली हिस्सा कमी करणे भाग होते. आयबीएमला ते मान्य झाले नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातील कारभार गुंडाळला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. ती पोकळी भरायला एचसीएल, डीसीएम, विप्रो यांसारख्या देशी कंपन्या पुढे आल्या. तरीही संगणक ही वस्तू परवाना, आयातशुल्क आणि लाखांच्या किमतीत अडकलेली होती. सामान्य माणसाला ती बँकेच्या किंवा मोठ्या कारखान्याच्या काचेआड दिसे, ती सुद्धा वातानुकूलित खोलीत, आणि बूट बाहेर काढून!

याच सुमारास अमेरिकेत एक वेगळीच घटना घडली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. सुरुवातीची किंमत १,५६५ डॉलर. तो बनवायला कंपनीने जेमतेम वर्षभराचा वेळ दिला होता. एवढ्या अवधीत सगळे भाग स्वतः घडवणे शक्य नव्हते. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८, डॉस ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची आणि इतर पुष्कळ भाग बाजारात मिळणारे, अशी मोट बांधण्यात आली. वर कार्डे खोचण्याच्या खाचा मोकळ्या ठेवल्या आणि विद्युत्-आराखड्यांसह माहितीपुस्तकही छापून विकले, म्हणजे इतरांना त्यात बसणारी कार्डे बनवता यावीत.

आयबीएमच्या मालकीचा असा फक्त एक महत्त्वाचा भाग उरला होता, तो म्हणजे 'बायोस'. बटण दाबल्यावर यंत्राला जागे करणारा हा छोटा प्रोग्रॅम. कॉम्पॅक कंपनीने तो न चोरता, केवळ त्याचे काम समजून घेऊन, नव्याने लिहवून घेतला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने तसाच बायोस कोणालाही विकायला सुरुवात केली. झाले! त्यानंतर आयबीएमसारखा संगणक बनवायला आयबीएमची गरज उरली नाही. तैवानमधील कारखाने मदरबोर्ड बनवू लागले, जपान-कोरियातील कारखाने रॅम बनवू लागले आणि जुळणी जगात कोठेही, अगदी दुकानाच्या पोटमाळ्यावरसुद्धा, होऊ लागली. आपण आज वेगवेगळ्या पाच कंपन्यांचे भाग आणून एका पेटीत बसवतो आणि ते गुण्यागोविंदाने नांदतात, त्याचे मूळ १९८१ च्या त्या घाईत आहे.

भारतात १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. सुट्या भागांवरील शुल्क उतरले, परवान्याची जाचक अट सैल झाली आणि देशात लहान संगणक जुळवणाऱ्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. १९९१ च्या उदारीकरणाने ती अधिक रुंद केली. पुढे १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने या भागांवरील आयातशुल्क शून्यावर आले. त्या दशकात आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिला संगणक आला, त्यामागे आपल्या पगारवाढीइतकाच या कराराचाही हात होता.

पुण्याचा परम

ही जुळणीची कल्पना केवळ घरगुती संगणकापुरती नव्हती. १९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. हवामान अंदाजासाठी अमेरिकेने एक क्रे यंत्र दिले, परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे आले. मुदत तीन वर्षांची होती.

१९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याची मेख अशी की, त्यात कोणताही एक अचाट वेगाचा प्रोसेसर नव्हता. इंग्लंडच्या इनमॉस कंपनीच्या, बाजारात विकत मिळणाऱ्या 'ट्रान्सप्युटर' नावाच्या ६४ चिप्स एकत्र जोडून त्यांना कामाची वाटणी करून दिली होती. एक भीम आणण्याऐवजी चौसष्ट वारकऱ्यांची दिंडी, असे म्हणा ना! १९९४ मध्ये अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे ४८६ जातीचे १६ संगणक जोडून 'बेओवुल्फ' उभारला, त्यामागचा विचारही याच जातीचा होता. महागडी एक वस्तू परवडत नसेल तर स्वस्त आणि भरवशाच्या वस्तूंची नीट जुळणी करावी. हा विचार पुण्यातून देशाच्या कामी आला, मग चौमूंत एका मंडळाच्या कामी का येऊ नये?

लॅमिंग्टन रोड ते नेहरू प्लेस

मुंबईचा लॅमिंग्टन रोड म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडी पक्के बसले आहे. रेडिओचे व्हॉल्व्ह, स्पीकर, ट्रान्झिस्टर विकणारी ही पेठ नव्वदच्या दशकात संगणकाच्या भागांची पेठ झाली. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात तेच घडले आणि दिल्लीत नेहरू प्लेसला. आपण राजस्थानात राहणारे. आपला बराचसा माल दिल्लीकडून जयपूरला आणि जयपूरहून चौमूंला असा येई.

त्या काळी 'ब्रँडेड' आणि 'असेम्बल्ड' असे संगणकाचे दोन वर्ण होते. ब्रँडेड घेणारा बिल आणि हमीपत्र घेऊन घरी येई. असेम्बल्ड घेणारा मात्र कागदावर आकडे लिहिलेली यादी खिशात ठेवून चार दुकाने हिंडे. ४८६, मग १९९३ चा पेन्टियम, १९९८ चा सेलेरॉन, ही नावे त्या वेळी शाळकरी मुलांनाही पाठ होती. दुकानदार विचारी, "कितने तक का बनाना है?" आणि आपण आपली ऐपत सांगून मोकळे होत असू. काम काय करायचे आहे, हे ना तो विचारी, ना आपण सांगत असू.

याच दुरुस्तीच्या टेबलांवरून एक मोठा मराठी उद्योग उभा राहिला. पुण्याचे कैलास काटकर शालेय शिक्षणानंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक संगणकांत यंत्र धड असे आणि व्हायरसने घोटाळा केलेला असे, हे लक्षात आल्यावर संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाला, संजय काटकर यांना, त्यांनी त्यावर उपाय लिहायला सांगितले. त्यातून १९९५ मध्ये 'क्विक हील' आले. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. बिघाड कोठे आहे हे नीट पाहणाऱ्याला केवढी वाट सापडते, त्याचे हे उदाहरण.

देवनागरीचा भाग

आपल्यासारख्या मंडळाला संगणक हवा असतो तो मुख्यतः मराठीत मजकूर जुळवायला. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सांकेतिक प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरी कितीतरी वर्षे छापखान्यांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपी'सारख्या प्रणालींवरच काम चाले. एका प्रणालीत टाईप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत. आपल्या जुन्या स्मरणिकांच्या फायली उघडताना आजही तो अनुभव येतो.

विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. तो घडवला कोल्हापूरच्या प्रा. र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीतील शिक्षक होते. २००८ मध्ये ते गेले. त्यांचे नाव कधी न ऐकलेली कोट्यवधी माणसे त्यांनी रेखलेली अक्षरे पडद्यावर वाचत आली आहेत. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झाली आणि गावोगावची मुले संगणकासमोर बसली. आपण येथे राजस्थानात त्या लाटेच्या बाहेर होतो. आपल्या मुलांना पडद्यावर मराठी दिसण्याचे ठिकाण म्हणजे बहुधा मंडळाचा तो एकुलता एक संगणक.

सहाशे रुपयांची बचत

आता कबुलीजबाब. २००६ मध्ये मंडळाचा पहिला संगणक जुळवला तो मी. खर्चाची मर्यादा कडक होती. मी प्रोसेसर चांगला घेतला, मॉनिटर मोठा घेतला, लोकांनी वाखाणावेत म्हणून दिवे लागणारे स्पीकरही घेतले. आणि कात्री कोठे लावली? एसएमपीएसला. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन यंत्राला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून देणारी ती पत्र्याची पेटी. ती कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळत होती. चांगली घेतली असती तर सहाशे रुपये जास्त पडले असते. ते वाचवल्याचे मी बैठकीत अभिमानाने सांगितले आणि टाळ्याही घेतल्या.

२००९ च्या उत्सवाआधी आठ दिवस संध्याकाळी आंधी आली. वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी पेटीतून 'फट्' असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. चांगल्या एसएमपीएसमध्ये दाब मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारी संरक्षक व्यवस्था असते. आमच्या पेटीत ती नव्हती. जाताना ती एकटी गेली नाही. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेली.

स्मरणिका आम्ही रात्री जागून पुन्हा टाईप केली. वर्गणीचे हिशेब वहीत होते. पण मंडळाच्या पहिल्या वर्षांचे स्कॅन केलेले फोटो त्या एकाच डिस्कवर होते. मूळ प्रती ज्यांच्याकडे होत्या ते कुटुंब बदली होऊन गेले होते आणि सामान हलवताना तो अल्बम गहाळ झाला होता. भाड्याच्या खोलीतला पहिला गणपती, स्टुलावर चढून पताका लावणारी मंडळी, पहिल्या आरतीचा फोटो, सगळे गेले. त्यातील काही माणसे आज हयात नाहीत.

दुकानदाराला दोष देता येईल, पण तो खरा ठरणार नाही. त्याने दोन्ही पेट्या माझ्यासमोर ठेवल्या होत्या. निवड माझी होती. त्या वेळी आपल्या मंडळातील एक गलाईवाले दादा मला जे बोलले ते मी विसरलेलो नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे दुष्काळी मुलुखातले हे आपले बांधव सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. दादा म्हणाले, "सर, आमच्याकडं सोनं आलं की आधी कस बघायचा, मग भाव. तुम्ही नुसता भाव बघितला."

भाव का चढतात, का उतरतात

त्यानंतर मी भाव आणि कस या दोन्हींचा थोडा अभ्यास केला. भावांची गंमत अशी की, आपल्या गावातील दुकानात लिहिलेला आकडा बहुधा हजारो मैल दूरच्या घटनेने ठरतो. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिप्सच्या आवरणासाठी लागणाऱ्या रेझिनचा जगातील मोठा वाटा तेथे बनत असे. रॅमचे भाव भडकले. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये भूकंप झाला, पुन्हा तेच. २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, कारखाने पाण्यात गेले आणि हार्ड डिस्क काही आठवड्यांत दुपटीच्या घरात पोचली. २०२० नंतर महासाथीतील टंचाई आणि आभासी चलनाचे 'खाणकाम' यांमुळे ग्राफिक्स कार्डे हाती लागेनात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम हे चलन खाणकामाच्या पद्धतीतून बाहेर पडले तेव्हा तो जोर ओसरला. आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांनी मेमरी चिप्सची एवढी मागणी केली की आपल्यासारख्यांच्या रॅमचे भाव पुन्हा कडाडले.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, जो भाग त्या वेळी भडकलेला असेल तो गरजेपुरताच घ्यावा आणि पुढे वाढवण्याची जागा राखून ठेवावी. दोन, स्वस्त भागामागचे कारण शोधावे. १९९९ ते २००७ या काळात सदोष कपॅसिटर बसवलेले अनेक मदरबोर्ड जगभर विकले गेले. नवेकोरे दिसत, उत्तम चालत आणि दोन-तीन वर्षांत त्यांचे कपॅसिटर फुगून फुटत. पितळी यंत्राचा आस झिजावा तसे.

यंदाची यादी

यंदा नवा संगणक घ्यावा लागला त्याचे कारण असे. २०१० मध्ये जुळवलेले आपले यंत्र अजून चालते, पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि पुरेसा नवा प्रोसेसर त्यात नाही. वर्गणीदारांचे पत्ते आणि हिशेब अशा यंत्रावर ठेवणे बरे नव्हे.

या वेळी आधी काम लिहिले, मग भाग. काम असे : हिशेब, स्मरणिकेची पाने लावणे, फोटो साठवणे, आणि मुलांना शिकण्यासाठी वापर. खेळांसाठी नाही. म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही. ज्याच्या पोटातच चित्र दाखवण्याची सोय आहे असा, २०२१ मध्ये आलेला रायझन ५ ५६००जी घेतला. तो ज्या ए-एम-फोर सॉकेटमध्ये बसतो ते २०१७ पासून रुळलेले आहे, त्यामुळे त्याचे बोर्ड सहज मिळतात आणि त्यांचे गुणदोष आता सर्वांना माहीत आहेत. नवे सॉकेट आले असल्याने पुढे याच बोर्डवर फार मोठी वाढ होणार नाही, हे मान्य करूनच घेतला.

रॅमची आठ जीबीची एकच पट्टी घेतली आणि एक खाच रिकामी ठेवली. एकाच पट्टीवर, विशेषतः चित्रांच्या कामात, वेग थोडा कमी मिळतो. पण भाव पाहता आज तो तोटा परवडतो. भाव उतरले की जोडीची पट्टी बसवू. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली. जुन्या यंत्राला नवा वेग देणारा याहून स्वस्त उपाय नाही, म्हणून तशीच एक लहान एसएसडी जुन्या संगणकातही बसवली.

आणि एसएमपीएस! सगळ्यात आधी त्याचे पैसे बाजूला काढले. आपल्या यंत्राला दीडशे वॉटच्या आतबाहेर वीज पुरते, तेव्हा ४५० वॉटचा पुरेसा आहे. पण तो खरोखर ४५० वॉटचा हवा, नुसता वेष्टनावर छापलेला नव्हे. २००४ मध्ये सुरू झालेले '८० प्लस' हे प्रमाणपत्र पाहिले. मात्र ते फक्त वीज किती वाया जाते हे सांगते, संरक्षणाबद्दल काही सांगत नाही. म्हणून जादा दाब, जादा प्रवाह आणि शॉर्टसर्किट यांपासूनचे संरक्षण माहितीपत्रकात वेगळे तपासले. शिवाय यूपीएस घेतला आणि ज्या खोलीत यंत्र ठेवले तेथील अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतले. ते सुटलेले निघाले! म्हणजे २००९ मध्ये उत्तम पेटी असती तरी आपण पूर्ण सुरक्षित होतोच असे नाही. पैसे उरावेत म्हणून मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जुनेच ठेवले. कॅबिनेट अगदी साधे, पण पुढे धूळ अडवणारी जाळी असलेले घेतले. येथील वैशाख-ज्येष्ठातल्या धुळीत जाळी महिन्याला झटकावी लागेल. ते काम मुलांकडे दिले आहे.

जुन्या यंत्रावर लिनक्स घातले असून ते वाचनकोपऱ्यात मुलांसाठी ठेवले आहे. त्यात मराठी टाईप करता येते. झाकण उघडून आत काय आहे हे बघायलाही मुलांना परवानगी आहे, फक्त आधी प्लग काढायचा.

शेवटी एक विनंती

संगणकाचा प्रत्येक भाग पैसे टाकून पुन्हा आणता येतो. आत साठवलेले मात्र येत नाही. म्हणून यंदापासून मंडळाच्या फायलींच्या तीन प्रती राहतील : एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर कपाटात आणि एक दुसऱ्या सभासदाच्या घरी. चौथा प्रोसेसर किंवा दुप्पट रॅम यापेक्षा ही तिसरी प्रत मंडळाच्या अधिक उपयोगाची आहे.

या स्मरणिकेत 'मंडळाची सुरुवात' हे पान आपण पाहिले असेल. मजकूर आहे आणि फोटोची चौकट रिकामी आहे. संपादकांनी तेथे सजावटीचे चित्र घालू का असे विचारले होते. मीच नको म्हणालो. ज्यांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या अल्बममध्ये किंवा गावाकडच्या भिंतीवर त्या वर्षांतील एखादा फोटो असेल त्यांनी तो उत्सवात घेऊन यावा. दहा मिनिटांत स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत देऊ. सोलापूर, सांगली, नागपूर, कोठे बदलून गेलेल्या जुन्या सभासदांशी आपला संपर्क असेल तर त्यांनाही कळवावे.

सगळे भाग या वेळी कस पाहून घेतले आहेत. जागाही पुरेशी आहे. आपली वाट पाहतो.

गणपती बाप्पा मोरया!